घर ते मंडळ : साडेचार किलोमीटरचा हिशेब

(मंडळाच्या श्रावणातील मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्यांनी स्वतः लिहून दिल्याप्रमाणे.)



सचिवांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही रस्त्यांच्या कामात आहात, तर या वेळी मेट्रोवर बोला. लोकांना उत्सुकता आहे." आम्ही त्यांना सांगितले की मेट्रो आमच्या खात्याकडे नाही. आम्ही पॉलिटेक्निकमधून स्थापत्याची पदविका घेतलेले साधे उपयंत्री. रस्ता, नाली, पुलिया आणि पदपथ एवढेच आमचे जग. त्यावर ते म्हणाले, "मग तेच सांगा." म्हणून आज उभे आहोत. शासनाच्या धोरणावर टीका करणे आमच्या नोकरीच्या शिस्तीत बसत नाही. त्यामुळे आम्ही लांबी, रुंदी, उंची आणि अंतर यांविषयीच बोलू. त्यात जे दिसेल ते तुमचे तुम्ही बघा.

सुरुवात घरापासून करतो. आमचे पणजोबा होळकरांच्या दरबारी कारकुनीत होते. नंदलालपुऱ्यातल्या वाड्यात आमच्या तीन पिढ्या वाढल्या. तिथून हे सभागृह चालत सात मिनिटांवर. आजोबा मुंडासे बांधून निघत आणि वाटेत दोन ठिकाणी थांबूनही वेळेवर पोहोचत. त्या काळी आपली बहुतेक घरे रामबाग, नारायणबाग, नंदलालपुरा याच पट्ट्यात होती. मंडळाला यायला वाहन लागते ही कल्पनाच नव्हती.

मग वाडा वाटण्यांत गेला. वडिलांनी सुदामानगरात प्लॉट घेतला. कोणी लोकमान्यनगरला गेले, कोणी राजेंद्रनगरला, कोणी वैशालीनगरला. आमच्या पुतण्याने आता सुपर कॉरिडॉरच्या बाजूला फ्लॅट घेतला आहे. १९५१ च्या जनगणनेत इंदूरची वस्ती तीन लाखांच्या थोडी वर होती. २०११ साली ती वीस लाखांच्या घरात गेली. महापालिकेचे वॉर्ड आज ८५ आहेत. शहर वाढले ही चांगलीच गोष्ट आहे, आपली मुले इथेच नोकरीला राहिली ती त्यामुळेच. पण सुदामानगरातल्या आमच्या दारापासून या सभागृहाच्या पायरीपर्यंत आता साडेचार किलोमीटर आहेत. आजचा विषय हे साडेचार किलोमीटर.

शहर कसे वाढवावे याचा विचार इंदुरात नवा नाही. दुसऱ्या तुकोजीराव महाराजांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. रेल्वे दारात आली नाही तर व्यापार दुसरीकडे जाईल हे त्यांना कळले होते. पुढे पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला दरबाराने बोलावले. १९१८ साली त्याने इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल दिला. प्लेगचे दिवस होते. असे सांगतात की त्याने दिवाळीची एक मोठी मिरवणूक आखली आणि जाहीर केले की जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्यांवरूनच ती जाईल. मोहल्ल्यामोहल्ल्यांत झाडलोट सुरू झाली. २०१७ पासून आपण देशात स्वच्छतेत पहिले येत आहोत, त्याची ही शंभर वर्षांपूर्वीची तालीमच म्हणायची.

गेडिसची आणखी एक शिकवण आम्हाला नोकरीत फार उशिरा कळली. जुना मोहल्ला सरसकट पाडून सरळ रस्ता काढू नका, आधी गल्लीतून पायी फिरा, राहणारे कसे जातात-येतात ते पाहा आणि लागेल तेवढेच काढा, असे तो सांगत असे. आम्ही पॉलिटेक्निकमध्ये डांबराचे थर शिकलो. पायी फिरणे शिकलो नाही.

आता वाहनांकडे येऊ. आमच्या लहानपणी राजवाड्याला यायला टेम्पो आणि नगरसेवा होती. टेम्पोत गुडघ्याला गुडघा लावून बसायचे आणि उतरल्यावर कपड्यांना धुराचा वास. २००५ मध्ये शहर बसगाड्यांसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि रस्त्यावर नव्या सिटी बस दिसू लागल्या. २०१३ च्या मे महिन्यात निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा असा साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस सुरू झाला. बसला रस्त्याच्या मधोमध स्वतःची वाट, दोन्ही बाजूंना कठडे.

त्या आयबसची एक गोष्ट आमची आई नेहमी सांगते. ताई विजयनगरला राहते. आई भंवरकुव्यापर्यंत रिक्षाने जाई आणि पुढे आयबसने. तिचे म्हणणे, "त्या बसला पायरी नव्हती रे. स्टेशनची फरशी आणि बसची फरशी एकाच उंचीवर. पाय उचलावा लागत नसे." तिला गुडघ्यांचा त्रास आहे. पूर्ण बीआरटीएसविषयी तिचे मत एवढेच आणि आम्हाला ते फार मोलाचे वाटते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बसस्टेशन मधोमध असल्याने तिथे पोहोचायला अर्धा रस्ता ओलांडावा लागे. बाजूच्या वाटेत गाड्यांची दाटी होई, चौकांत खोळंबा होई. शेवटी २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने मार्गिका हटवायला परवानगी दिली. त्यानंतर कठडे काढायला सुरुवात झाली. योग्य की अयोग्य हे आम्ही सांगणार नाही. फक्त एक हिशेब सांगतो.

शहराची मोठी बस बारा मीटर लांब असते. त्यात साठ माणसे सहज मावतात. तीच साठ माणसे दोन-दोन करून मोटारींत बसवली तर तीस मोटारी लागतात. एका मोटारीची लांबी चार मीटर आणि पुढचे-मागचे अंतर दोन मीटर धरले, तर तीस मोटारींची रांग १८० मीटर होते. एकीकडे बारा मीटर, एकीकडे १८० मीटर. आणि मोटार थांबवायलाही जागा लागते. उघड्या वाहनतळावर ये-जा करण्याच्या वाटेसकट एका मोटारीला २३ चौरस मीटर धरण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. म्हणजे जवळजवळ २५० चौरस फूट. नंदलालपुऱ्यातले आमचे माजघर आणि स्वयंपाकघर मिळूनही एवढे नव्हते. शंभर मोटारी राजवाड्याला आल्या तर अर्ध्या एकराहून जास्त जागा नुसती उभी राहायला हवी. ती राजवाड्यापाशी कुठून आणायची? म्हणून कठडे राहोत की जावोत, बसला वेगाने जाता आले पाहिजे. त्याशिवाय रस्त्याचे गणित सुटत नाही.

आता मेट्रो, नाहीतर सचिव रागावतील. अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीला, ३१ मे २०२५ रोजी, आपल्या मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. गांधीनगरपासून सुपर कॉरिडॉरवर सुमारे सहा किलोमीटर, पाच स्थानके. पहिल्या स्थानकाला देवी अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे आणि एकाला महाराणी लक्ष्मीबाईंचे. पहिला आठवडा प्रवास मोफत होता, तेव्हा आम्हीही सहकुटुंब फिरून आलो. गाडी सुंदर आहे, स्थानकात लिफ्ट आहे, डब्याची आणि फलाटाची उंची सारखी आहे. आई खूश झाली. मग तिने विचारले, "पण ही आपल्याकडे कधी येणार?"

मूळ आखणी सुमारे ३१ किलोमीटरच्या वर्तुळाची होती. गांधीनगर, विजयनगर, खजराना, बंगाली चौराहा, पलासिया, रेल्वे स्टेशन, राजवाडा, छोटा गणपती, बडा गणपती आणि विमानतळ. मध्य भागात ती जमिनीखालून जायची आहे. खजरान्याचा, छोटा आणि बडा असे तीन गणपती या एका मार्गावर आहेत, त्यामुळे पुढेमागे चतुर्थीला गर्दी होणार हे नक्की. टिळकनगरच्या मंडळींना बंगाली चौराहा जवळ पडेल. पण सुदामानगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या आपल्या दाट वसाहती त्या वर्तुळाबाहेर आहेत. आम्हाला बडा गणपती किंवा राजवाडा गाठायला आधी बस किंवा ई-रिक्षा लागेलच.

एक गोष्ट मात्र आपण विसरतो. लोकमान्यनगर आणि राजेंद्रनगर या दोन्ही वसाहतींना स्वतःची रेल्वे स्थानके आहेत. इंदूर-महू मार्गावर सैफीनगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, राऊ अशी ओळ लागते. मुंबईच्या पाहुण्यांना आपण ही स्थानके दाखवतो, पण त्यांचे वेळापत्रक पाठ असलेले आपल्यात किती जण आहेत? केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर रेल्वेला मंजुरी दिली. नाशिक-मुंबईकडे जायला जवळची वाट होणार म्हणून आपण सगळ्यांनी पेढे वाटले. ते योग्यच. पण घराजवळच्या स्थानकावर दिवसात चार गाड्या जास्त थांबाव्यात, असे पत्र आपल्यापैकी कोणी लिहिल्याचे आम्ही ऐकलेले नाही. रुळ घातलेले आहेत, फलाट आहेत. मागणी करणारे लोक हवेत.

आता जे सांगायला आलो ते सांगतो. हे सांगायचे की नाही यावर घरी बरीच चर्चा झाली. आई म्हणाली, "सांग."

काही वर्षांपूर्वी शहराच्या पश्चिमेकडच्या एका रस्त्याच्या रुंदीकरणावर आमची नेमणूक होती. रस्त्याच्या कडेने नाली आणि नालीच्या झाकणावरच पदपथ अशी रचना होती. भारतीय रस्ते काँग्रेसची पादचाऱ्यांच्या सोयींविषयी एक पुस्तिका आहे, आयआरसी १०३. त्यात सांगितले आहे की पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. १५० मिलिमीटर म्हणजे आपल्या एका वितीपेक्षाही कमी. अंदाजपत्रकात आम्ही अगदी असेच धरले होते.

काम सुरू झाले आणि एका पट्ट्यात खाली काळा पाषाण लागला. आपल्या माळव्याची जमीन अशीच, वर काळी माती आणि खाली दगड. नाली ठरल्याएवढी खोल न्यायची तर दगड फोडावा लागणार, त्याचा वेगळा दर, म्हणजे सुधारित अंदाजपत्रक, पुन्हा मंजुरी आणि दोन-तीन महिने उशीर. पावसाळा तोंडावर होता. मग सगळ्यांनी मिळून सोपा मार्ग काढला. नालीचा तळ वर घेतला. तळ वर आला म्हणून झाकण वर आले. झाकण म्हणजेच पदपथ. कडेची उंची ३८० मिलिमीटर झाली. रुंदीही विजेचे खांब आणि दुकानांचे ओटे सांभाळता सांभाळता १.१ मीटरवर आली.

खात्यात मोजमाप पुस्तिका असते, आम्ही तिला एमबी म्हणतो. तिच्यात नग, लांबी, रुंदी, खोली अशी घरे असतात. आम्ही टेप लावून मोजले, आकडे खरे लिहिले आणि सही केली. एकही आकडा खोटा नव्हता. पैसे खाल्ले नाहीत, कोणाला खाऊ दिले नाहीत. पण या पदपथावर माणूस चढू शकेल का, असे घर त्या पुस्तिकेत नसते आणि आम्हीही ते स्वतःला विचारले नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी आई मंडळाच्या मंगळवारच्या भजनाहून सिटी बसने परतत होती. त्याच रस्त्यावर, त्याच पट्ट्यात ती उतरली. पदपथावर चढायला पाय उचलला, जमला नाही. मग ती रस्त्याच्या कडेनेच चालू लागली. मागून आलेल्या दुचाकीचा आरसा तिच्या पिशवीला अडकला आणि ती पडली. उजवे मनगट मोडले. दुचाकीवरचा मुलगा बिचारा थांबला, त्यानेच रिक्षा करून तिला दवाखान्यात नेले आणि आम्हाला फोन केला. आम्ही धावत गेलो. ती म्हणाली, "रस्ता तुझ्याच वेळचा ना रे?"

तिने रागाने विचारले नव्हते, नुसते विचारले होते. प्लास्टर निघाल्यावर एका रात्री आम्ही तिला पुस्तिका दाखवून सगळे समजावले, पाषाण, दर, मंजुरी, पावसाळा. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "पुस्तकात एक वीत लिहिलंय, तर तिथे एवढं कसं झालं? आणि झालं तेव्हा तू तिथे उभा होतास ना?" या प्रश्नाला आमच्याकडे आजही उत्तर नाही.

मनगट बरे झाले. पण मंगळवारचे भजन सुटले. मुलांना रोज रोज सोडायला सांगायचे तिला जिवावर येते आणि रिक्षाचे जाऊन-येऊन भाडे तिला पटत नाही. तिने एकदा बसून तिच्याबरोबर नेहमी येणाऱ्या मैत्रिणींची नावे मोजली. अकरा झाल्या. त्यातल्या चौघीच आता मंगळवारी येतात आणि त्या चौघी याच मोहल्ल्यात राहतात. बाकीच्या सात सुखरूप आहेत, आपापल्या कॉलनीत टीव्हीवर कीर्तन ऐकतात. आपण म्हणतो, मंडळात पूर्वीसारखे लोक येत नाहीत, नव्या पिढीला रस नाही. नवी पिढी गाडी घेऊन कुठेही जाते. रस असून न येणारी पिढी वेगळीच आहे आणि तिची अडचण ३८० मिलिमीटरची आहे.

म्हणून तुमच्याकडे तीन मागणी आहेत.

पहिली. गणपती दहा दिवस आहेत. या दहा दिवसांत प्रत्येकाने एकदा तरी घरून मंडळापर्यंत बसने किंवा पायी यावे. शक्य असेल तर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाबरोबर, त्यांच्या चालीने. ज्येष्ठांची चाल सेकंदाला साधारण एक मीटर धरली तर अर्धा किलोमीटर चालायला आठ-नऊ मिनिटे लागतात. वाटेत कुठे चढता येत नाही, कुठे खांब आडवा येतो, कुठे थांब्याला सावली नाही, ते कागदावर लिहा. टेप नसेल तर वितीने मोजा. आमच्यासारखा कर्मचारी "गैरसोय होते" या तक्रारीला उत्तर देऊन टाकतो. "अमुक दुकानासमोर कडेची उंची ३८० मिलिमीटर आहे, नियम १५० चा आहे" या तक्रारीला तसे उत्तर देता येत नाही. ती १८१ या हेल्पलाइनवर नोंदवा आणि नोंदणी क्रमांक जपून ठेवा. हे आम्ही आतून सांगत आहोत.

दुसरी. शहराची सध्याची विकास योजना २००८ च्या जानेवारीत लागू झाली आणि ती २०२१ सालापर्यंतची होती. पुढची योजना येईल तेव्हा तिचे प्रारूप प्रसिद्ध होईल. राज्याच्या नगर तथा ग्राम निवेश कायद्याप्रमाणे त्यावर हरकती आणि सूचना द्यायला नागरिकांना तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत बिल्डर जागे असतात. आपण गणपतीची वर्गणी, शारदोत्सवाची तालीम यांत असतो. मंडळाने तीन-चार जणांची समिती आजच नेमावी. नकाशा वाचायला आम्ही मदत करू. सरकारी कर्मचारी म्हणून हरकतीवर सही करणार नाही, पण चहा घेत नकाशा समजावून सांगायला कुठला नियम आड येत नाही.

तिसरी मागणी मंडळाकडेच. आपले कार्यक्रम साडेआठचे म्हणून नऊला सुरू होतात आणि साडेअकराला संपतात. त्या वेळी बस मिळत नाही. यंदा निदान दोन दिवसांचे कार्यक्रम सहाला सुरू करून साडेआठला संपवावेत. आणि मागच्या रांगेतल्या तरुण मित्रांनी थांब्यापर्यंत ज्येष्ठांना सोबत करावी. मखराच्या रोषणाईइतकेच हेही कार्यकर्त्याचे काम आहे.

त्या रस्त्याचे काय झाले, हे तुम्ही विचाराल. या वर्षी त्याच्या दुरुस्तीचा विषय निघाला तेव्हा बसथांब्यापाशी पदपथ उतरता करून उंची १५० वर आणायचा प्रस्ताव आम्ही लिहून दिला. दगड फोडायच्या दरासह. मंजुरी अजून आलेली नाही. पाठपुरावा चालू आहे. काम झाले तर पुढच्या मोजमाप पुस्तिकेतली उंची आम्ही टेपने मोजू आणि सही करण्याआधी आईला तिथे एकदा चढून बघायला सांगू. पुस्तिकेत तसे घर नसले तरी.

आई आज आली आहे, तिसऱ्या रांगेत डावीकडे बसली आहे. खरे सांगायचे तर आम्ही तिला आमच्या स्कूटरवर आणले. पुढच्या वर्षी ती सिटी बसने येईल आणि त्या सातजणींपैकी निदान दोघी-तिघी तिच्याबरोबर असतील, एवढी खटपट आपण सगळे मिळून करू.

 गणपती बाप्पा मोरया!